आठ ग्रॅमचे वायसर

काकांच्या फोनमधलं ते बटण मीच चालू करून दिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला गुन्हेगार शोधत बसायला नको.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा तराजू-काटे दुरुस्तीचा. खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत पक्कड, कानस, चिमटे, आणि एका लाकडी पेटीत पितळी वजनांचा संच, अर्ध्या ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत. बाजारात दुकानामागून दुकान फिरायचं, कोणाचा काटा अडकतो, कोणाचा खोटं बोलतो ते बघायचं आणि त्याला सरळ करायचं. एकदा एका किराणावाल्याच्या काट्यात एक ग्रॅमचा फरक होता. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, एका ग्रॅमने कोण उपाशी मरतंय?" काका दोन तास त्याच्या दारात बसून राहिले, गिऱ्हाइकाला पुढे जाऊ देईनात. तेव्हापासून बाजाराने त्यांना ग्रॅमकाका केलं. नाव इतकं घट्ट चिकटलं की त्यांचं खरं नाव फक्त परवान्यावर उरलं.

मी गावाकडची शाळा आणि तिथलंच कॉलेज उरकून इथे एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो होतो. पलीकडच्या गल्लीत एका खाटेपुरती जागा होती आणि रविवारचं जेवण मावशीकडे. शिकलेला भाचा म्हणून घरात माझा भाव जरा चढा होता. बल्ब उडाला, फॉर्म भरायचा, फोन गप्प झाला, की बोलवा त्याला. मीही कॉलर ताठ करून जायचो.

तर काकांना एक भिंग हवं होतं. काट्यावरच्या बारीक खुणा दिसेनाशा झाल्या होत्या. फोनवर भिंग दिसलं, चांगलं होतं, पण खिशात तेवढे नव्हते. मी म्हटलं, "काका, हे बटण दाबा. भिंग आज, पैसे पुढच्या महिन्यात."

"आणि पुढच्या महिन्यात नसले तर?"

"तर त्याच्या पुढच्या. थोडे जास्त लागतात, एवढंच."

"आणि ते माझ्यावर विश्वास का ठेवतात? मला ओळखतात?"

"फोन ओळखतो," मी म्हणालो. मला वाटलं, केवढं हुशार उत्तर दिलं.

काकांनी बटण दाबलं. बोट जरा जास्तच जोरात दाबलं, काटा अडकला की दाबतात तसं.

मावशी भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "हा आला की घरात काहीतरी चालू करून जातो. बंद करायला मात्र कधी येत नाही."

भिंग चौथ्या दिवशी आलं. कुरियरवाल्याने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काकांचं नाव पुकारलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. चार दारं उघडली. काका बाहेर गेले, सही केली, आणि पार्सल काखेत न घेता दोन्ही हातांवर धरून आत आले. आता आठवलं की वाटतं, खरं काम त्या पुकारण्यानेच केलं. तीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांचा माल तोलला होता. स्वतःच्या नावाने कोणी काही आणून दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग पार्सलं येत राहिली. बॅटरी, जी समुद्रातही पेटते म्हणे. आमच्यापासून समुद्र कुठल्या कुठे. सोळा तोंडांचा स्क्रूड्रायव्हर. कमरेला बांधायचा थरथरणारा पट्टा, तो बांधून काका एकदा चहा प्यायला बसले आणि अर्धा चहा शर्टावर सांडला. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं ते मावशीसाठी. तिला दाबाचा त्रास जुना होता. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गोळ्या चालू होत्या. तिने खोक्यावरची किंमत वाचली आणि म्हणाली, "हे वाचूनच चढला. आता मोजायची गरज नाही." खोकं खाटेखाली गेलं. बाकीचीही तिथेच जात होती. काकांना वस्तूत फारसा रस नसायचा. उघडायची, दोन दिवस हाताळायची, की झालं.

दीड वर्षाने कोणाकोणाचे मिळून अकरा हप्ते चालू होते. आणि वसुलीवाले फोन काकांना करेनात, ते थेट बाजारात यायला लागले. काका एखाद्या दुकानात काट्यापुढे वाकलेले असायचे आणि मागून आवाज यायचा, "ग्रॅमकाका, आमचं किलोने राहिलंय." दुकानदार हसायचे. काकाही हसायचे. मी एकदा समोरच होतो. हसताना त्यांच्या हातातल्या चिमट्यातून स्क्रू पडला, आणि तो त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही.

मग परवान्याची तारीख गेली. दुरुस्तीवाल्याला दर काही वर्षांनी परवाना नवा करून घ्यावा लागतो, वजनांचा संचही कचेरीत तपासून आणावा लागतो. त्या फीला पैसे नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कचेरीने नऊ महिने दिले. तेवढ्यात दंडासकट नऊ हजार भरले तर परवाना जिवंत, नाही तर संपला, आणि या वयात पुन्हा परीक्षेला बसा. परवाना नसलेल्या माणसाच्या हाताखालून गेलेला काटा कचेरी पास करत नाही. म्हणजे मग दुकानदाराने काकांना बोलवायचंच कशाला?

त्या रविवारी मावशीने जेवणाआधी काकांचा फोन मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"जे चालू केलंस ते बंद कर."

मी बंद केलं. हप्ते बंद करायचं बटण मात्र कुठे नव्हतं. मग तिने तो फोनच शेजारणीला विकला आणि काकांना आकडे दाबायचा जुना फोन आणून दिला. काका म्हणाले, "यावर काय करू?"

"बोला," मावशी म्हणाली. "फोनवर माणसं बोलतात."

खाटेखालची खोकी निम्म्या-पाव किमतीत गेली. त्यातून चार हप्ते मिटले. उरलेल्यांसाठी मावशीने पाच डबे काढले. किराणा, भाडं, हप्ते, औषध, परवाना. प्रत्येकावर माझ्या अक्षरात चिठ्ठी. काकांना बाजारात मजुरी मिळायची ती गल्ल्यातली चिल्लर, बहुतेक दहाची नाणी. ती रोज संध्याकाळी मावशीच्या हातात द्यायची, ती वाटून डब्यांत टाकणार, आणि काकांनी आठवड्यातून एकदा मोजून बघायचं, कुठे किती झालं. नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याची सवय जाणार नाही, असं तिचं म्हणणं.

पण काका मोजायला बसले की उठायचे. पाणी प्यायचं, कानस शोधायची, काही ना काही निघायचं. शेवटी एकदा म्हणाले, "मोजायला बसलो की मला भीक मोजल्यासारखं वाटतं."

"मग काय करू या? मी गाणं म्हणू?" मावशी म्हणाली.

"तोलतो."

आणि काकांनी टेबलावरचा काटा काढला. दहाचं नाणं आठ ग्रॅम. शंभर नाणी आठशे ग्रॅम, म्हणजे हजार. रिकाम्या डब्याचा आधी धडा केला, म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन दुसऱ्या पारड्यात छर्रे टाकून मारून टाकलं. मग जे दिसेल ते फक्त नाण्यांचं. काकांचे डोळे चमकले. मोजताना जो माणूस दहा मिनिटं बसत नव्हता तो तासभर मांडी घालून बसला, पाच डबे तोलले, आणि कागदावर ग्रॅममध्ये आकडे लिहिले. भाडं दोन किलो चारशे. किराणा एवढा. औषध दर आठवड्याला एकशे साठ ग्रॅम, महिन्याचं सहाशे चाळीस. परवाना नवव्या महिन्याअखेर सात किलो दोनशे.

"घरमालक विचारेल भाडं किती, तर काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगेन, घे, अडीच किलोला कमी आहे," काका म्हणाले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं होतं.

पहिला महिना छान गेला. रविवारी मी जाऊन बसायचो तेव्हा आमची ती पूजाच चाललेली असायची. मावशी एकेक डबा आणून काट्यावर ठेवायची, काका श्वास रोखून काट्याकडे बघायचे, काटा थांबला की म्हणायचे, "बरोबर." डब्यात कोणी डोकावायचं नाही. गरजच नव्हती. काकांचा तर डोळ्यांपेक्षा काट्यावर जास्त विश्वास. ते म्हणायचे, नजर फसते, काटा फसत नाही. काटा नीट लावला असेल तर.

दुसऱ्या महिन्यात बाजार थंड होता. त्यातून दोन मोठ्या दुकानांनी आकडे दाखवणारे नवे काटे घेतले, ते बिघडले की कंपनीचा माणूस येतो. एका रविवारी किराण्याचा डबा बत्तीस ग्रॅमने कमी भरला. काकांनी पुन्हा तोलला. बत्तीसच. म्हणजे फक्त चार नाणी.

"कमी आहे," काका म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात भरून काढू," मावशी म्हणाली.

काका जेवले नीट. चप्पल घालून "आलोच" म्हणून बाहेर पडले आणि तासाभराने बगलेत खोकं घेऊन आले. भिंतीवरचं घड्याळ. दर तासाला खिडकी उघडून एक पक्षी बाहेर येतो आणि जितके वाजले तितक्यांदा ओरडतो. बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून उधार आणलं होतं.

मावशी त्या घड्याळाकडे बघत राहिली. काका खिळा ठोकत होते. ठोकताना ते कोणाकडे बघत नव्हते.

नंतर जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "बघितलंस? खिशात असले की हा माणूस एक पैसा खर्च करत नाही. कमी आहे असं कळलं की हात सुटतो. कमी दिसताच कामा नये यांना."

मी म्हटलं, "मग दाखवू नकोस."

ही माझी दुसरी करामत. बोलायला काय, जिन्यात उभा राहून मी कोणालाही सल्ला देऊ शकतो.

त्यानंतरच्या मंगळवारी मावशी आमच्या दुकानात आली. आधी कधी आली नव्हती. मालक आतल्या खोलीत जेवत होते. तिने रुमालाची गाठ सोडून दहाचं एक नाणं काउंटरवर ठेवलं.

"या वजनाचे वायसर आहेत?"

"वजनाचे? वायसर मापाने घेतात, मावशी. अर्धा इंच, पाऊण इंच."

"मला वजनाने हवेत."

"काकांच्या संगतीत बिघडलीस तू," मी म्हणालो आणि छोट्या काट्यावर एकेक वायसर टाकून बघू लागलो. जाड लोखंडी, पाऊण इंची, बरोबर आठ ग्रॅमचे निघाले. तिने एका तळहातावर नाणं आणि दुसऱ्यावर वायसर घेतला, डोळे मिटले, आणि मान हलवली.

"पन्नास दे. तुझ्या काकांच्या कामाला लागतात. लिहून ठेव, पुढे देते."

चारशे ग्रॅम, एकशे वीस रुपये. मी तिच्या नावावर लिहिले, कागदात बांधून दिले. वर विनोदही केला, "सांभाळून ग, भिकाऱ्याला टाकशील चुकून." ती हसली. पिशवी उचलताना तिने क्षणभर काउंटरचा आधार घेतला. मी ते पाहिलं. मला वाटलं, वजन जड झालं असेल. चारशे ग्रॅम.

त्यानंतर डबे कधी कमी भरले नाहीत. पाचही, दर रविवारी. काटा थांबायचा, काका "बरोबर" म्हणायचे, मावशी डबा उचलून फळीवर ठेवायची. बाजार थंडच होता आणि तरी डबे भरत होते, पण हा प्रश्न काकांना पडला नाही आणि मला, जो हिशेब लिहायचे पैसे घेतो, त्यालाही पडला नाही. काकांची चाल बदलली होती. वसुलीवाला समोर आला तर थांबून "पाच तारखेला ये" म्हणायचे, आणि पाच तारखेला खरंच द्यायचे. हप्ते सातावरून तीनवर आले. एकदा बाजारात नव्या चपला घ्यायला मीच आग्रह केला, जुन्या पार झिजल्या होत्या, तर म्हणाले, "यासाठी डबा नाही." आणि पुढे चालायला लागले. मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम थांबवून मला ते पुन्हा सांगायला लावलं.

ती स्वतः मात्र संथ झाली होती. दुपारी पडून राहायची. डोकं दुखतं म्हणायची. काका विचारायचे, "गोळी घेतलीस का?" ती म्हणायची, "घेतली की." खोटं नव्हतं ते. एक दिवसाआड घेत होती, तीही फक्त सकाळची.

नववा महिना भरायला दहा दिवस असताना परवान्याच्या डब्याने सात किलो दोनशे दाखवले. काकांनी तीनदा तोलला. मग दोघांनी तो डबा पिशवीत घालून आमच्या दुकानात आणला, मी आणि मालकांनी नऊशे नाणी मोजून घेतली, नोटा दिल्या. एकही कमी नव्हतं. या डब्यात तिने वायसर टाकले नव्हते. काका कचेरीत जाऊन पैसे भरून आले, वजनांची पेटी तपासून आणली, आणि नवा परवाना काचेत बसवून त्या पक्ष्याच्या घड्याळाखाली लावला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं. मावशीने ते मोठ्याने वाचलं, कुरियरवाल्याच्या आवाजात. काका लाजले. मी खरंच सांगतो, लाजले.

त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजत आले होते. काका काट्यापुढे बसले होते, मी खाटेवर. किराणा झाला, भाडं झालं, हप्ते झाले. मावशी औषधाचा डबा घेऊन आली आणि तो तिच्या हातातून सुटला.

फार उंचावरून नाही. झाकण उडालं. वर होती ती दहा-बारा नाणी आधी घरंगळली, आणि त्यांच्यामागून वायसर. काळे, मधे भोक असलेले. खाटेखाली गेले, मोरीकडे गेले, एक काकांच्या मांडीला येऊन टेकला आणि आडवा झाला.

काकांनी तो उचलला. तळहातावर घेऊन हात वरखाली केला. सवयीने.

"आठ ग्रॅम," ते म्हणाले. मग वर बघितलं. "हे काय आहे?"

मावशी उभी होती.

"पैसे कुठे गेले?"

तिचं तोंड एका बाजूला गेलं होतं. मला वाटलं, पकडली गेली म्हणून हसू दाबते आहे. मीही हसलो. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. मी हसलो.

"मी विचारतोय, पैसे कुठे गेले? किती दिवस चाललंय हे? मी तोलतोय, बरोबर म्हणतोय, आणि तू लोखंड घालतेस?" काकांचा आवाज चढला. त्या घरात मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला. "सगळे डबे असेच आहेत का? मला वेडा केलंस तू? बोल ना."

मावशीने डावा हात उचलून स्वतःच्या उजव्या हाताला लावला, दुसऱ्या कोणाचा हात चाचपावा तसा. घड्याळाची खिडकी उघडली आणि पक्षी ओरडायला लागला. तो अकरा वेळा ओरडेपर्यंत ती खाली बसली होती, भिंतीला घासत. तेव्हा कुठे काकांच्या हातातला वायसर पडला.

रुग्णालयात गर्दी होती. व्हरांड्यात एक खाट मिळाली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "दाबाची गोळी चालू होती ना? मग बंद कधी केली?"

"बंद नाही," काका म्हणाले. "दर महिन्याला सहाशे चाळीस ग्रॅम."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी मध्ये पडलो, म्हटलं, आठशेची औषधं घेतात दर महिन्याला. मग मला राहवेना, मी औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, सहा-सात महिने झाले, बाई निम्म्याहून कमी नेतात. त्याने विचारलं तर म्हणाल्या होत्या, उरलेल्या दुसरीकडे स्वस्त मिळतात.

परत येऊन काकांना सांगितलं. कुठे पैसे गेले तेही एव्हाना कळलंच होतं. जो डबा त्या आठवड्यात कमी पडेल त्यात तिने आपल्या डब्यातली नाणी टाकली होती आणि आपल्या डब्यात तेवढे वायसर. मी ते वायसर कुठून आले हेही सांगितलं, आणि जिन्यातलं बोलणंही. काका व्हरांड्याच्या कठड्याला टेकून ऐकत होते. मला वाटलं, आता माझ्यावर हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

"घड्याळ मी आणलं," काका म्हणाले.

मावशी वाचली. उजवी बाजू गेली. बोलणं एकेका शब्दावर आलं, तोही बराच वेळ शोधावा लागतो, आणि भलताच सापडला तर ती स्वतःवरच चिडते. तिच्या जिभेला अख्खा बाजार घाबरायचा. आता तिला पाणी हवं असेल तर ती "दार" म्हणते, आणि काका पाणी आणतात.

काकांनी त्यानंतर काही घेतलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. पाव आण्याचीही जास्तीची वस्तू त्या घरात आली नाही, आणि तीनही हप्ते फिटले. चपला त्याच आहेत, टाचेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलेल्या. घड्याळ दुकानदाराला परत केलं, भिंतीवर खिळा आहे. बाजारात काम आहे, परवाना आहे. सकाळी तिचं सगळं आवरून, शेजारणीला सांगून ते निघतात, दुपारी एकदा येऊन जातात, संध्याकाळी चिल्लर घेऊन येतात.

डबे आता ते तोलत नाहीत. संध्याकाळी खाटेवर चादर अंथरून सगळी नाणी तिच्यासमोर ओततात. डॉक्टरीण बाईंनी उजव्या हाताला व्यायाम सांगितला आहे. तर काका तिच्या उजव्या हाताखाली आपला हात धरतात आणि ती एकेक नाणं बोटाने पुढे ढकलते. एक. थांबायचं. दोन. कधी वीस नाण्यांना अर्धा तास जातो. काका उठत नाहीत, पाणी प्यायला नाही, कानस शोधायला नाही. आठवड्याची पहिली वीस औषधाच्या डब्यात जातात. किराणा त्यानंतर.

मी एकदा म्हटलं, "काका, मी मोजून देऊ का पटकन?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ तोंड हललं. मग शब्द सापडला. "बंद," ती म्हणाली. मला त्यातला टोमणा कळला. कळल्याचं तिला दिसलं, आणि तिचं अर्धं तोंड हसलं. या वेळी मी आधी नीट बघून घेतलं की हसतेच आहे ना.

मागच्या महिन्यात तिने काकांना फळीवरची पुडी दाखवून "परत" असं सांगितलं. बरोबर शब्द, पहिल्या फटक्यात. जमिनीवरून गोळा केलेले वायसर काकांनी त्यात बांधून ठेवले होते. घरात न लागणारी वस्तू पडून राहिलेली तिला अजून खपत नाही.

काका पुडी घेऊन दुकानात आले. मालकांनी वही बघितली. एकशे वीस, मावशीच्या नावावर, माझ्या अक्षरात, अजून तसेच.

"राहू द्या हो ग्रॅमकाका," मालक म्हणाले. "त्याचे काय पैसे घ्यायचे? वहीतलं फाडतो ते पान."

"माल परत घेता ना? मग घ्या. तोला."

मालकांनी पुडी काट्यावर ठेवली. काटा तीनशे साठवर थांबला.

"चाळीस कमी आहे," मालक म्हणाले आणि जीभ चावली.

"काटा बरोबर आहे," काका म्हणाले. "मागच्या आठवड्यात मीच लावलाय. चाळीस ग्रॅम बाकी लिहा."

"अहो, बारा होतात त्याचे."

"मग बारा लिहा."

मी खिशात हात घातला. काकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुझे नाहीत ते."

मी लिहिले. त्यालाही महिना झाला. काका दर दोन-चार दिवसांनी दुकानावरून जातात, कधी आत येऊन काट्यात पडलेली धूळ झटकतात. बारा त्यांच्या खिशात असतात, मला माहीत आहे. ते काही काढत नाहीत आणि मालक मागत नाहीत. काट्यावर वाकले की त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ते पाच वायसर एकमेकांवर आपटतात. नाण्यांपेक्षा जरा बद्द वाजतात. मी मान वर करत नाही, वहीत बघत राहतो.